पिठाच्या डब्यातला प्रोफेसर

पिठाच्या डब्यातून ‘टिंग’ असा आवाज आला आणि रविवारच्या दुपारची शांतता मोडली.

ती शांतता साधीसुधी नव्हती. सकाळी चर्च झालं होतं, मग लोवोत, म्हणजे भुईतल्या खड्ड्यात, भाजलेला तारोचा कंद आणि नारळाच्या दुधातली पालेभाजी पोटात गेली होती, आणि आता घरातली सगळी मोठी माणसं चटईवर जिथे जागा मिळाली तिथे आडवी झाली होती. फिजीतल्या नसिनूची ती अख्खी गल्ली झोपली होती, कुत्र्यांसकट. उलामिलाने मोठ्या मिनतवारीने तान्ह्या लेकीला, सालोतेला, मांडीवर झोपवलं होतं आणि पायाला मुंग्या आल्या तरी ती हलत नव्हती. डब्याने पुन्हा ‘टिंग’ केलं.

पीठ वाजत नाही, एवढं उलाला नक्की माहीत होतं.

तिने सालोतेला हळूच चटईवर ठेवलं, डबा उघडला, कोपरापर्यंत हात घातला आणि पांढराशुभ्र झालेला एक फोन बाहेर काढला. फुंकर मारली, तर सगळं पीठ तिच्याच तोंडावर उडालं. काच तडकलेली, कडेला चिकटपट्टी. घरचाच जुना फोन. त्यावर मजकूर होता :

‘प्रिय मित्रा, सकाळी म्हणालास की डुकराचे पैसे आलेत, लगेच पाठवतो. मी अजून वाट बघतोय. आज संध्याकाळी सिडनीत रग्बीचा अंतिम सामना. निकाल आधीच ठरलाय आणि तो फक्त मला माहीत आहे. फी पाचच्या आत पाठव, निकाल सांगतो, मग डोळे मिटून पैसे लाव. नेहमीप्रमाणे, कुणालाही सांगू नकोस. तुझा, प्रोफेसर.’

उला तिथेच पिठाच्या डब्याशेजारी बसली.

प्रोफेसर कोण, हा प्रश्न तिला नंतर पडला. आधी पडला तो डुकराचा. कारण घरात डुक्कर एकच होतं. सालोते वेळेच्या फार आधी जन्मली होती, एवढीशी, ओंजळीत मावेल एवढी. इस्पितळातल्या काचेच्या पेटीबाहेर उभं राहून उलाने तेव्हा मनाशी म्हटलं होतं, ही वर्षाची होऊ दे, मी साऱ्या नातलगांना पोटभर जेवू घालीन. घरी येताच तिने पहिलं काम केलं ते म्हणजे एक पिल्लू आणून परसात बांधलं. सालोते वाढली, पिल्लू वाढलं. पिल्लू जास्त वाढलं. येत्या शनिवारी वाढदिवस होता, शुक्रवारच्या बोटीने बेटावरून सगळं माहेर यायचं होतं, आणि वाढदिवसाला डुक्कर नाही म्हटल्यावर त्या माहेरासमोर उभं राहायचं तरी कसं!

ती अनवाणीच परसात धावली.

मेजर जागेवर होता. आंब्याखालच्या कोंडवाड्यात कुशीवर पडून घोरत होता. त्याच्याजवळ सेरू बसला होता. सेरू उलाचा मोठा मुलगा, सहा वर्षांचा, रविवारी दुपारी न झोपणारा गल्लीतला एकमेव माणूस. डुकराचं नाव त्यानेच ठेवलं होतं. तो मेजरला रोज आपल्या हाताने कसावा भरवायचा, आणि शनिवारी आपल्याला त्याचा कुठला तुकडा हवाय तेही त्याच्या कानात सांगून ठेवायचा.

“आई, तुझे केस पिकले,” सेरू म्हणाला.

“पीठ आहे ते. सेरू, मेजरला बघायला कुणी आलं होतं का रे?”

“हो. ते चिनी हॉटेलवाले, आ सॅम काका, आलेले. त्यांनी त्याच्या पोटाला हात लावला.”

उलाने कोंडवाड्याचा खांब धरला. “कधी?”

“मामाआजोबांबरोबर. मग केलेपीकाकाचा कॅप्टन आला. त्यानेपण लावला.” सेरू जरा थांबला. “आई, मेजरला गुदगुल्या होतात.”

म्हणजे एक नव्हे, दोन गिऱ्हाइकं! उला तिथेच एका उलट्या बादलीवर बसली आणि तो फोन पहिल्यापासून वाचायला लागली.

आता हा फोन नेमका कुणाचा, हे सांगणं अवघड आहे. तो घेतला होता आपेनिसाने, म्हणजे उलाच्या नवऱ्याने. आपेनिसा बस चालवायचा आणि कुणालाही नाही म्हणायचा नाही. तसं नाही म्हणायची तिथे कुणालाच सोय नाही. आपल्या माणसाने केरेकेरे केलं, म्हणजे वस्तू नुसती मागितली, की ती काढून द्यायची, तोंड वाकडं न करता. त्याच्या धाकट्या भावाने, केलेपीने, फोन मागितला. केलेपी रग्बी खेळायचा आणि दर वर्षी पुढच्या वर्षी देशाच्या संघात जायचा. त्याच्याकडून तो इनोकेमामांनी मागितला. मामा म्हणजे सासूबाईंचे भाऊ. दाढ काढायला म्हणून बेटावरून आठवडाभरासाठी आले होते, दाढ केव्हाच निघाली, मामा काही निघाले नाहीत. आणि मामांकडून तो मागितला खुद्द सासूबाईंनी. त्यांचं नाव तोरिका, पण घरादारात सगळे त्यांना ‘बू’ म्हणत, आजी म्हणून. चर्चच्या महिला मंडळाच्या त्या मुख्य. मागच्याच आठवड्यात त्यांनी जुगार ह्या विषयावर असं प्रवचन दिलं होतं की पुढच्या बाकावरची दोन माणसं मागे जाऊन बसली.

सगळ्यात पहिला संदेश प्रोफेसरचा होता. ‘मित्रा, तू भाग्यवान आहेस. शनिवारी फिजी जिंकणार. ही माहिती फुकट. कुणाला सांगू नकोस.’

त्याखाली उत्तर : ‘ते आम्हाला माहीतच आहे. काही नवीन असेल तर सांग.’ हा केलेपी. 

फिजी जिंकली. पुढल्या शनिवारीही ‘फिजी जिंकणार’, पुढल्या शनिवारीही जिंकली. मग उत्तरांना पूर आला होता.

‘प्रोफेसरसाहेब, आपण थोर आहात. आपल्याकडे बोटीचं जुनं इंजिन पडून असेल तर मला द्याल का? चालू नसलं तरी चालेल.’

‘मित्रा, मी इंजिनं विकत नाही.’

‘विकत कोण मागतंय?’

त्याच दिवशी, थोड्या वेळाने : ‘बाळ, तू फार हुशार दिसतोस. तुझं गाव कोणतं? आईचं नाव काय? चर्चला जातोस ना?’

‘मित्रा, तू मला बाळ का म्हणतोस? मघाशी तर साहेब म्हणत होतास.’

‘मोठ्यांना उलट प्रश्न विचारू नये.’

मग केलेपी : ‘माझ्या मापाचे बूट कुठे मिळत नाहीत. तुझ्या ओळखीत कुणाचे पाय मोठे आहेत का?’

मग मध्येच एक, फार जपून लिहिलेला : ‘सर, हे सुरक्षित आहे ना? मला बायकोसाठी शिवणयंत्र घ्यायचंय. तिला आत्ताच कळायला नको. ती रात्री हाताने शिवते, डोळे दुखतात तिचे.’

उलाने तो संदेश दोनदा वाचला. मग स्वतःलाच दटावून पुढे सरकली.

पुढे प्रोफेसर खचत गेलेला दिसत होता. ‘मित्रा, तू दारू पितोस का?’ असं त्याने एकदा विचारलं होतं. त्यावर बूनी त्याला दारूच्या दुष्परिणामांवर सात संदेश पाठवले होते. शेवटी त्याने लिहिलं होतं, ‘तुम्ही एकूण किती माणसं आहात?’ आणि चौघांनीही, वेगवेगळ्या वेळी, एकच उत्तर दिलं होतं : ‘मी एकटाच. कुणाला सांगितलेलं नाही.’

प्रत्येकाला वाटत होतं की प्रोफेसर फक्त आपल्याशीच बोलतोय. प्रत्येक जण फोन लपवून ठेवत होता. एक जण चटयांच्या गुंडाळीत, दुसरा भजनांच्या पुस्तकांमागे, तिसरा पिठाच्या डब्यात. आणि ठेवला होता तिथे सापडला नाही की प्रत्येकाला वाटायचं, आपणच विसरलो.

उलाने आपला फोन काढला आणि लाउटोकाला वासितीला लावला. वासिती तिच्या आत्याची मुलगी. त्यांच्यात ह्या नात्यात सरळ बोलायची पद्धतच नाही.

“काय गं म्हातारे, अजून जिवंत आहेस?” वासिती म्हणाली.

“तुला पोचवल्याशिवाय मी कुठे जाते? ऐक, प्रोफेसर नावाचा कुणी ओळखीचा आहे का तुझ्या?”

वासितीने एकदम थट्टा सोडली. वासिती थट्टा सोडते म्हणजे गोष्ट गंभीर होती.

“तुमच्याकडे पण आला तो?” वासिती म्हणाली. “आमच्या ह्यांच्या फोनवर आलेला, दोन आठवड्यांपूर्वी. म्हणे, शनिवारी फिजी हरणार.”

“हरणार?”

“हरणार! ह्यांनी त्याला अशा शिव्या घातल्या, अशा घातल्या, की मी पोरांना बाहेर काढलं. शेजारचा वाचून दाखवा म्हणून मागे लागला. पुन्हा आला नाही मेला. का गं? तुम्हाला काय म्हणाला?”

“जिंकणार म्हणाला.”

“आणि जिंकलीच की आपण.”

“हो,” उला म्हणाली. आणि बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं. “वासिती, अगं, तो अर्ध्या लोकांना जिंकणार म्हणतो आणि अर्ध्यांना हरणार. जिथे चुकतो तिथे पुन्हा तोंड दाखवत नाही. जिथे बरोबर येतं तिथे प्रोफेसर होतो.”

“म्हणजे त्याला काहीच माहीत नसतं?”

“आपल्या सेरूला जेवढं माहीत असतं तेवढंच.”

“मला माहीत आहे,” सेरू बादलीमागून म्हणाला, “फिजीच जिंकणार.”

उला घरात गेली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा रविवारच्या दुपारी झोपलेल्या माणसांना उठवलं. जेवणाचं पातेलं घेतलं आणि पळीने बडवलं. सालोते झोपलेलीच राहिली, बाकीचे चारही उठले. आपेनिसाला वाटलं वादळाचा इशारा झाला, तो थेट खिडक्यांना फळ्या लावायला निघाला.

“बसा सगळे,” उला म्हणाली. तिने फोन चटईच्या मधोमध ठेवला. “हा कुणाचा?”

चौघांनी फोनकडे पाहिलं. मग एकमेकांकडे.

“आपेनिसाचा,” मामा म्हणाले.

“केलेपीने मागून नेलेला,” आपेनिसा म्हणाला.

“मी तर मामांना दिला.”

“मी ताईला दिला.”

बूनी झगा सारखा केला. “मला काय करायचाय फोन? माझं सगळं बोलणं वरती असतं.”

“मग ‘बाळ, तुझं गाव कोणतं’ असं त्याला कोण विचारतं? मामा?”

चौघेही एकदम बोलायला लागले. उलाने पुन्हा पातेलं बडवलं.

“एकेकाने! मेजरला कुणी विकलंय?”

केलेपीने हात वर केला. मामांनी हात वर केला. केलेपीने मामांकडे पाहिलं आणि तो आ वासून बघत राहिला. “मामा! तुम्ही पण? वाढदिवसाचं डुक्कर?”

“तू विकलंस ते कुठलं होतं रे?” मामा म्हणाले. “आणि मी स्वतःसाठी नाही केलं. इंजिन आलं असतं तर मी माझ्या होडीने घरी गेलो असतो.”

उलाचं मन क्षणभर डळमळलं. मामा घरी जाणार असतील तर एका डुकराचं काय एवढं, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि तिने तो घाईने घालवून दिला.

“तुम्ही तरी नाही ना विकलं?” तिने नवऱ्याला विचारलं.

“छे छे,” आपेनिसा म्हणाला. “विकतोय कशाला मी? गहाण ठेवलंय. आमच्या डेपोतल्या नावितालाईकडे.” त्याने मान खाली घातली. “तेही पूर्ण नाही. फक्त मागची बाजू.”

“आणि बू?”

“मी आपल्या घरचं जनावर विकीन?” बू कडाडल्या. मग आवाज उतरला. “मी फक्त ह्या तिघांकडून पैसे मागून घेतले. मला वाटलं, प्रोफेसर सांगेल ते लावावेत, आले की दोन डुकरं आणावीत. एका डुकरात काय होतं गं? तुझं माहेर काय थोडं आहे?”

तेव्हा उलाने सगळ्यांना वासितीची गोष्ट सांगितली. अर्ध्यांना काय सांगतो, अर्ध्यांना काय सांगतो, हळूहळू, एकेक शब्द सुटा करून. तिला वाटलं होतं, फसवणूक ऐकून हे हादरतील. ते हादरलेही. पण वेगळ्याच ठिकाणी.

“थांब, थांब,” केलेपी गुडघ्यांवर उठून म्हणाला. “वासितीच्या नवऱ्याला तो काय म्हणाला?”

“फिजी हरणार.”

“फिजी?” मामांनी छातीवर हात ठेवला.

“हरणार?” बूनी डोळे मिटले. “आणि ह्या तोंडाने मी त्याला बाळ म्हणाले!”

पैसे उकळणारा माणूस त्यांनी कदाचित माफ केला असता. तसे दोन दूरचे नातेवाईक त्यांना होतेच. पण हे मात्र कुणाच्याच घशाखाली उतरेना.

इतक्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला. आ सॅम टेम्पो घेऊन आला होता आणि त्याच्या हातात जाड दोर होता. तो दारात पोचतो न पोचतो तोच केलेपीच्या क्लबचा कॅप्टन वांगा, संघातले दोन आडवे गडी घेऊन, कुंपणावरून आत आला. दोघेही थेट कोंडवाड्याकडे गेले आणि दोघांनीही एकाच वेळी मेजरवर हात ठेवला. मेजर गुदगुल्यांनी उठला.

“हे माझं डुक्कर आहे,” आ सॅम म्हणाला.

“हळू बोल, काका. क्लबचं आहे ते. पैसे मोजलेत.”

“मी नाही मोजले? ह्यांच्या मामाच्या हातात दिलेत!”

“आमच्या केलेपीच्या हातात दिलेत!”

“अहो, जरा मागची बाजू सांभाळून धरा,” आपेनिसा कळवळून म्हणाला. “ती नावितालाईची आहे.”

आ सॅमने दोर खाली टाकला. “एक डुक्कर, तीन मालक! पंचवीस वर्षं हॉटेल चालवतोय मी, असं पाहिलं नाही. ते काही नाही, माझे पैसे परत द्या.”

“आमचेही,” वांगा म्हणाला. आणि त्याच्या मागचे दोघे गडी जरासे पुढे सरकले.

“द्या हो परत,” उला म्हणाली. “नशीब, अजून प्रोफेसरला पाठवले नाहीत. केलेपी, आण पैसे.”

“माझ्याकडे कुठे?” केलेपी म्हणाला. “मामांनी मागितले. मी दिले.”

“मामा?”

“ताईने मागितले. माझे, ह्याचे, सगळे तिलाच दिले.”

“आणि मीही बूलाच दिले,” आपेनिसा म्हणाला. “तिने मागितले म्हणून.”

सगळ्यांच्या नजरा बूकडे वळल्या. बू आंब्याच्या झाडाकडे बघत होत्या, जणू काही त्या झाडाला नवीन फांदी फुटली होती. आणि उलाच्या डोळ्यांसमोर एकदम सकाळचं चर्च उभं राहिलं. कुणाच्या घराने किती दिलं ते तिथे मोठ्याने वाचून दाखवतात. आज आपल्या घराचं नाव वाचलं तेव्हा सगळं चर्च मागे वळून बघायला लागलं होतं. उला स्वतः बाकावरून पडता पडता राहिली होती. “देवाने दिलं,” एवढंच बू तेव्हा म्हणाल्या होत्या.

“बू,” उला हळूच म्हणाली, “सगळे?”

“मी देणार नव्हते गं!” बूंच्या डोळ्यांत पाणी आलं. “पाकीट घट्ट धरून बसले होते. चर्च सुटल्यावर केलेपीच्या मित्राकडून फोनवरून त्या प्रोफेसरला पाठवायचे, असं ठरवलंच होतं. पण मग त्या एतांगाचं नाव वाचलं. किती मोठा आकडा! आणि ती वळून माझ्याकडे बघून हसली. तू पाहिलंस ना, कशी हसली ती?”

उलाने पाहिलं होतं. एतांगा समोरच्या घरात राहायची आणि बूंचं आणि तिचं तरुणपणापासून पटत नव्हतं.

“मग माझा हात आपोआपच गेला,” बू म्हणाल्या.

उला त्या चौघांकडे बघत राहिली. दोन आठवडे तो प्रोफेसर जिवाचं रान करत होता, आणि ज्या घरात पैसा एका खिशात एक रात्र टिकत नाही त्या घरातून तो पैसा काढायला निघाला होता! तिला हसू येत होतं, की रडू, हे तिचं तिलाच कळेना.

आ सॅमने दोर पुन्हा उचलला. “चर्चकडून काही मी परत मागणार नाही. म्हणजे डुक्कर माझं.”

“डुक्कर क्लबचं.”

“डुक्कर सालोतेचं आहे,” उला म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की ती स्वतःच दचकली. आत सालोते उठली आणि भोकाड पसरलं. उला धावत आत गेली आणि तिला कडेवर घेऊनच परत आली. पीठ लागलेल्या हाताने तिने तिचं नाक पुसलं, आणि मायलेकी दोघी पांढऱ्या दिसायला लागल्या.

“हिच्यासाठी आणलंय ते,” ती म्हणाली. “ही जगेल की नाही ते डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं, तेव्हा आणलंय. शनिवारी मेजर ह्याच अंगणात भाजला जाणार. तुम्ही पैसे दिलेत, खोटं नाही. मग या आणि आपलं डुक्कर आपण खा. घरच्यांना घेऊन या. अख्खा क्लब आणा. नावितालाईलाही सांगा, मागची बाजू त्याच्या पानात वाढू.”

आ सॅमने डोकं खाजवलं. “म्हणजे मी पैसे देऊन पाहुणा?”

“पाहुणे कसले? यजमान.”

वांगाने सालोतेकडे पाहिलं. तिने त्याचं बोट पकडलं आणि तोंडात घातलं. एवढा मोठा गडी, पण तिथेच संपला. “आम्ही येऊ,” तो म्हणाला. “सरपण आमच्याकडून.”

“माझी एक अट आहे,” आ सॅम म्हणाला. “भाजणार मी. मागच्या नाताळात तुम्ही कच्चं ठेवलं होतं.”

ह्यावर केलेपी भांडायला उठला, मामांनी त्याला खाली बसवलं आणि लाकडी भांड्यात यांगोना, म्हणजे मुळांच्या पुडीचं पेय, कालवायला घेतलं. वाटी फिरायला लागली. रिवाजाप्रमाणे प्रत्येक वाटीला टाळ्या वाजल्या. मेजर पुन्हा आडवा झाला.

आणि चटईवरचा फोन वाजला. ह्या वेळी टिंग नाही, घंटी. प्रोफेसरचा धीर सुटला होता. केलेपीने फोन उचलून आवाज मोठा केला.

“मित्रा, पाच वाजले! पैसे कुठेत?” आवाज अगदी कोवळा होता. मिसरूड फुटलं असेल-नसेल असा.

“पैसे देवाला दिले,” केलेपी म्हणाला.

“काय?”

“साहेब,” मामा पुढे सरसावले, “ते इंजिनाचं काय झालं?”

“कोण बोलतंय? फोन कुणाकडे आहे?”

“सर, मी आपेनिसा. मला शिवणयंत्र नको आता. म्हणजे हवंय, पण असं नको.”

उलाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने घाईघाईने वाटी तोंडाला लावली.

“तुम्ही सगळे वेडे आहात!” प्रोफेसर ओरडला. “सांगतो, फुकट सांगतो, ऐका! फिजी आज हरणार! हरणार! हरणार!” आणि त्याला खोकल्याची जोरदार उबळ आली.

अंगणात जो गदारोळ उठला त्यात वांगाचे गडी सगळ्यात पुढे होते. बूनी हात वर केला. त्यांनी फोन स्वतःकडे ओढला.

“बाळ,” त्या म्हणाल्या. “केव्हापासून आहे हा खोकला?”

पलीकडून पुन्हा खोकलाच आला.

“खोटं बोलून घसा बसतो, पण हा तो खोकला नाही. छातीतला आहे. आलं घाल चहात. आणि रात्री उघडं झोपू नको. ऐकतोयस ना? तुला मी दोन आठवडे विचारतेय, तुझं गाव कोणतं, आईचं नाव काय. सांगत का नाहीस?”

फोनमधून श्वास ऐकू येत होता. एकदा वाटलं, तो काहीतरी बोलणार. मग फोन बंद झाला.

केलेपीने पुन्हा लावून पाहिला. लागला नाही. दोन आठवड्यांचे सगळे संदेश तेवढे फोनमध्ये मागे राहिले होते.

सामना सुरू झाला तेव्हा सगळे आत टीव्हीसमोर दाटीवाटीने बसले. उला मात्र पायरीवर सालोतेला पाजत राहिली. थोड्याच वेळात गल्लीतल्या एकूण एक घरातून अशी आरोळी उठली की निकाल विचारायची गरजच राहिली नाही. बादल्या बडवल्या गेल्या, आपेनिसाच्या डेपोतल्या बसगाड्यांचे भोंगे गल्लीपर्यंत ऐकू आले, समोर एतांगासुद्धा दारात येऊन नाचली आणि बूनी तिला हात केला. फिजी जिंकली होती.

म्हणजे आज प्रोफेसर चुकला, उलाच्या मनात आलं. पण तो फक्त इथे चुकला. दुसऱ्या कुठल्यातरी घरात त्याने ‘जिंकणार’ असंच सांगितलं असेल, आणि तिथे ह्याच क्षणी एखाद्या डब्यात, एखाद्या चटईखाली, टिंग वाजत असेल. तिचा आनंद जरा विरला.

सेरू येऊन तिच्या मांडीला टेकला. तोंडाला कसल्याशा बिस्किटाचा चुरा होता.

“आई, तो माणूस लबाड होता ना?”

“हो.”

“मग बू आता आत त्याच्यासाठी प्रार्थना का करतेय? खोकला बरा होऊ दे म्हणून?”

“बू सगळ्यांसाठीच करते.”

सेरूने थोडा वेळ विचार केला. सालोतेच्या पायाचा अंगठा धरून हलवला, सोडला, पुन्हा धरला.

“आई,” त्याने विचारलं, “तो काय काम करतो, ते त्याच्या आईला माहीत आहे का?”